डॉ. कोटणीसांचं ‘मैत्री कव्हर’ विकत घ्यावं का? आणि सोलापूरचं स्वतःचं कव्हर निघू शकतं का?

वैशाली_टीचर (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात शाळेत शिकवते. आमच्या सातवीच्या मुलांना भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारकात नेलं होतं, युद्धाच्या काळात चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणारे आपल्या सोलापूरचे डॉक्टर. घर बघून झालं, फोटो बघून झाले आणि बाहेर पडताना एका मुलीनं विचारलं, "टीचर, त्यांची समाधी चीनमधल्या ज्या गावात आहे, तिथली मुलं पण अशी बघायला जात असतील का?" तेव्हापासून सगळ्या वर्गानं एकच धोशा लावलाय. त्या गावच्या, म्हणजे शिजियाझुआंगच्या मुलांना पत्रं पाठवायची, सोलापूरहून, पोस्टानंच. ईमेल नको म्हणतात. पत्रं १० ऑक्टोबरला, डॉक्टरांच्या जन्मदिवशी टाकायचं ठरलंय.

हे बोलणं चालू असताना एका प्रदर्शनात एका विक्रेत्यानं मला छापील पाकीट दाखवलं. डावीकडं डॉ. कोटणीसांचं चित्र, खाली ‘सोलापूर – शिजियाझुआंग मैत्री’ असं सोनेरी अक्षरात. उजवीकडं डॉक्टरांचं भारतीय तिकीट चिकटवलेलं आणि त्याच्याजवळ जांभळ्या शाईत गोल शिक्का, त्यात हस्तांदोलन करणारे दोन हात. "अधिकृत कव्हर आहे, मोजकीच छापलीत," म्हणाला. एकाचे चारशे रुपये. वर्गासाठी पाच-सहा घ्यावीत असा विचार आहे, पण पैसे पालकांचे आहेत, म्हणून आधी विचारते.

दुसरं म्हणजे, असं पाकीट पोस्टाकडूनच रीतसर काढून घेता येतं का? शाळा अर्ज करू शकते का? स्पेशल कव्हर, एफडीसी, माय स्टॅम्प असं बरंच ऐकलं, पण मला यातलं काही कळत नाही. पहिल्यापासून सांगितलंत तर बरं होईल.

पुणेकर_एफडीसी

ताई, थोडक्यात सांगतो. नवीन तिकीट ज्या दिवशी निघतं त्या दिवशीचा शिक्का मारलेलं पोस्टाचं पाकीट म्हणजे फर्स्ट डे कव्हर, एफडीसी. नवीन तिकीट नसताना, एखादी व्यक्ती, संस्था, जागा किंवा प्रसंग यासाठी पोस्ट खास पाकीट आणि खास शिक्का काढतं, ते स्पेशल कव्हर. माय स्टॅम्पची योजना २०११ पासून आहे. त्यात तिकिटांचा छापील कागद येतो, प्रत्येक तिकिटाला जोडून तुमच्या फोटोची जागा असते, पैसे भरून तो करून घेता येतो.

तुम्हाला दाखवलेलं यातलं कुठलंच वाटत नाही. कोटणीसांचं तिकीट १९९३चं आहे आणि ते काही दुर्मिळ नाही, संग्राहकांकडं सहज मिळतं. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकाल का? बाकी सोलापूरचे सॉर्टर काका इथं आहेत, त्यांची वाट बघा.

सॉर्टर_काका (सोलापूर, निवृत्त आरएमएस)

वैशालीताई, नमस्कार. मी सोलापूर स्टेशनवरच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होतो. नोकरीभर रात्रपाळीत पत्रं निवडली, थैल्या बांधल्या. पाकीट हातात आलं की माझी नजर आधी शिक्क्यावर जाते आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला तिथंच दिसतात.

आधी विकत घ्यायच्या पाकिटाचं. वर्णनावरून ते खासगी छपाईचं आहे. कुणीही पाकीट छापावं, त्यावर तिकीट लावावं, बाजूला शोभेचा रबरी शिक्का उठवावा, याला कुणाची हरकत नाही. चांगल्या हातानं केलेली अशी खासगी पाकिटं मी स्वतः जपून ठेवली आहेत. पण ते ‘अधिकृत’ म्हणून शाळेच्या बाईंना विकणं मला पटत नाही. घेऊ नका.

पोस्टाचा शिक्का कसा ओळखायचा ते मुलांनाही शिकवा, त्यांना मजा येईल. त्यात पोस्ट ऑफिसचं नाव असतं, तारीख असते, बहुतेक वेळा पिनकोड असतो. तो अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर उमटलेला असतो, कारण तिकीट पुन्हा वापरता येऊ नये हेच त्याचं मूळ काम. तुमच्या जांभळ्या शिक्क्यात गाव नाही, तारीख नाही आणि तो तिकिटाच्या शेजारी आहे. म्हणजे ते पाकीट टपालात कधी गेलेलंच नाही. आता तिकीट भिंगाखाली बघा. त्याच्या कोपऱ्यात काळ्या कमानीचा तुकडा दिसला आणि ती कमान पाकिटावर पुढं सरकतच नसेल, तर जुन्या पत्रावरचं वापरलेलं तिकीट पाण्यात सोडवून इथं चिकटवलंय. असं फार चालतं. पोस्टाच्या खऱ्या स्पेशल कव्हरवर मागच्या बाजूला विषयाची माहिती असते आणि ते पोस्टाच्या कुठल्या परिमंडळानं काढलं हेही लिहिलेलं असतं. मागची बाजू कोरी असेल तर विषयच संपला.

आता मैत्रीच्या पाकिटांचं. हा माझ्या आवडीचा विषय आहे, थोडं लांबेल.

दोन शहरांनी एकमेकांना भगिनी शहर मानायचं आणि त्याची आठवण टपालात ठेवायची, ही पद्धत जुनी आहे. पॅरिस आणि रोम यांची जोडी १९५६ साली जमली आणि १९५९ मध्ये फ्रान्स आणि इटली दोघांनीही त्या जोडीवर तिकिटं काढली. आपल्याकडं मुंबई–योकोहामा ही जोडी १९६५ पासूनची, पुण्याची सॅन होजेशी १९९२ पासूनची. आपल्या राज्यातली मला सगळ्यात पटलेली जोडी म्हणजे २०१५ साली ठरलेली औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि चीनमधलं दुनहुआंग. एकीकडं अजिंठा, दुसरीकडं मोगाओच्या लेण्या. दोन्हीकडं डोंगर कोरून बुद्धाची चित्रं रंगवलेली. कागदावर सही व्हायच्या कितीतरी शतकं आधीपासून ही गावं एकमेकांची होती. अयोध्या आणि कोरियातलं गिम्हे यांचंही तसंच. अयोध्येची राजकन्या समुद्र ओलांडून तिकडं राणी झाली ही कोरियातली जुनी कथा. २००१ मध्ये दोन शहरांचं नातं जुळलं आणि २०१९ मध्ये भारत आणि कोरियानं त्या राणीवर मिळून तिकिटं काढली. भारत–चीन यांनी मिळून काढलेली तिकिटं २००८ची आहेत, बोधगयेचं महाबोधी मंदिर आणि लुओयांगचं श्वेताश्व मंदिर.

ही सगळी तिकिटं पुढं ठेवून बघितली की एक गोष्ट कळते. जिथं दोन गावांमध्ये खरोखर काही सामायिक आहे, तिथंच ते पाकीट हातात धरून ठेवावंसं वाटतं. नुसते दोन झेंडे आणि दोन हात काढले तर कुठल्याही दोन गावांची नावं खाली घालता येतात.

सोलापूर आणि शिजियाझुआंग यांच्यात सामायिक आहे तो एक माणूस. १० ऑक्टोबर १९१० ला इथं जन्मला, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाला. १९३८ मध्ये जपाननं चीनवर आक्रमण केलेलं असताना काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी आणि आपले कोटणीस. तिकडं असतानाच त्यांचे वडील वारले, तरी ते परतले नाहीत. तिथं जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये तिथंच वारले. त्यांच्या नावानं चालणाऱ्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला आणि मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर गेले. बेथ्यून आणि कोटणीस, दोघांच्याही समाध्या शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहेत.

आता तिकिटांकडं बघा. चीननं १९८२ मध्ये, चाळिसाव्या स्मृतिवर्षाला, कोटणीसांची दोन तिकिटं काढली. एक ८ फेनचं, दुसरं ७० फेनचं (फेन म्हणजे चीनचा पैसा). आठ फेन म्हणजे तेव्हाचा चीनमधल्या साध्या पत्राचा दर. सत्तर फेनचं तिकीट परदेशी जाणाऱ्या टपालावर लागायचं. मला ही जोडी फार आवडते. एक तिकीट आपल्या लोकांना सांगायला, दुसरं बाहेरच्या जगाला सांगायला. भारतानं १९९३ मध्ये काढलं. बेथ्यून यांच्यावर कॅनडा आणि चीननं १९९० मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, मिळून तिकिटं काढली. ती शेजारी लावली तर एका रुग्णालयाची गोष्ट तीन देशांच्या तिकिटांत पूर्ण होते. अल्बमचं एक पान मुलांना असं करून द्या.

पण या सगळ्यात सोलापूर कुठं आलं? तिकीट देश काढतो. त्यावर देशाचं नाव असतं, माणसाचं असतं. माणसाच्या तिकिटावर त्याच्या गावाला सहसा जागा नसते. पाकिटावर गावाची जागा शिक्क्यात असते. ‘सोलापूर ४१३००१’ आणि १० ऑक्टोबर ही तारीख, कोटणीसांच्या तिकिटावर स्पष्ट उमटलेली: माझ्या मते सोलापूरचं खरं मैत्री कव्हर ते. त्याला सोनेरी अक्षरं लागत नाहीत आणि चारशे रुपयेही लागत नाहीत.

म्हणून पहिली वाट सोपी आहे. साधी, जाड कागदाची पांढरी पाकिटं घ्या. डावीकडं मुलांनी स्वतः चित्र काढावं. उजवीकडं १९९३चं न वापरलेलं तिकीट लावा, ते आजही टपालाला चालतं. उरलेल्या दराची दुसरी तिकिटं लावा. मग हेड पोस्टात जाऊन काउंटरवर विनंती करा की तिकिटावर हातानं, शाई न फासता शिक्का द्या. पेटीत टाकू नका. पेटीतलं पाकीट गर्दीत जातं आणि शिक्का कसाही पडतो. आम्ही गाडीच्या वेळेच्या घाईत मारायचो, मला माहीत आहे.

दुसरी वाट स्पेशल कव्हरची. शाळा अर्ज करू शकते, शक्यतो एखाद्या संस्थेला बरोबर घ्या. अर्ज सोलापूर विभागाच्या डाक अधीक्षकांकडं द्यायचा. तिथून तो पुणे क्षेत्राच्या पोस्टमास्तर जनरलकडं आणि महाराष्ट्र परिमंडळाकडं जातो. अर्जासोबत विषय काय, तारीख कोणती, कार्यक्रम कुठं, मागच्या बाजूचा मजकूर, पाकिटाचं आणि शिक्क्याचं चित्र, फोटो वापरले तर त्यांची परवानगी, एवढं लागतं. ठरावीक पाकिटांचे पैसे भरावे लागतात, तो आकडा कार्यालयातूनच लेखी घ्या. चार-सहा आठवड्यांत होईल असं धरू नका, जितक्या लवकर अर्ज जाईल तितकं बरं.

आणि तारखेत तुमचं नशीब आहे. ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन, १८७४ मध्ये त्या दिवशी बर्नला जागतिक टपाल संघटना स्थापन झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी, १० ऑक्टोबरला, आपल्याकडं राष्ट्रीय डाक दिन असतो. त्या आठवड्यात पोस्ट स्वतःहून कार्यक्रम शोधत असतं, स्पेशल कव्हरं बरीचशी तेव्हाच निघतात. सोलापूरच्या मुलाचा जन्मदिवस नेमका टपालाच्या दिवशी आहे हे अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा.

अक्षय_होटगी

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मनात आलं ते बोलतो. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले. माझा चुलत भाऊ सैन्यात आहे. अशा वेळी मुलांकडून ‘चीन मैत्री’ लिहिलेली पाकिटं पाठवायची हे मला जड जातं. सोलापूरवर कव्हर काढायचंच तर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांवर काढा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. आजच्या पोरांना चार पुतळ्यांवरून रिक्षाचा स्टॉप माहीत आहे, नावं माहीत नाहीत.

यार्नवाला_पूर्वभाग

मी टॉवेलच्या धंद्यात आहे. मशिनचे सुटे भाग आणायला चीनशी पत्रव्यवहार पडतो, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. पत्ता चिनी लिपीत लिहा किंवा छापून चिकटवा, तिकडच्या पोस्टमनला तोच वाचता येतो. देशाचं नाव मात्र शेवटच्या ओळीत इंग्रजीत, मोठ्या अक्षरात हवं, कारण आपल्याकडं पत्र निवडणाऱ्याला ते दिसलं पाहिजे. शिजियाझुआंगचा पिन ०५० नं सुरू होतो, तो सहाही आकडी घाला. पाकिटात पत्राशिवाय काही घालू नका. राखी, टिकल्या, चॉकलेट, काही नको. जाड झालं की ते पत्र राहत नाही आणि कस्टमला अडकतं.

एक सुचवू का? कव्हरवर सोलापुरी चादर असावी. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आपली वस्तू आहे, जगात सोलापूरला लोक तिच्यावरूनच ओळखतात.

सॉर्टर_काका (सोलापूर, निवृत्त आरएमएस)

अक्षय, तुम्ही मनातलं बोललात ते बरं केलंत. गलवानचं दुःख मलाही आहे आणि ते बाजूला ठेवा असं मी सांगणार नाही.

तरी माझं म्हणणं ऐका. १९३८ मध्ये हे पथक गेलं तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. आपण स्वतः गुलाम होतो, तरी आक्रमण झालेल्या लोकांना डॉक्टर पाठवले. ही आपल्या देशानं केलेली गोष्ट आहे, तिचा अभिमान आपला आहे. १९६२ चं युद्ध झालं, त्यानंतर वीस वर्षांनी चीननं कोटणीसांची तिकिटं काढली आणि पुढं अकरा वर्षांनी आपण काढलं. मधल्या काळात दोन्ही देशांत काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही समाधीवर फुलं पडत राहिली आणि चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत राहिले. त्या डॉक्टरानं जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. त्याच्या जन्मगावातल्या मुलीनं त्याच्या समाधीच्या गावातल्या मुलाला पत्र लिहावं, यात तुमच्या भावाचा कुठंही अनादर नाही असं मला मनापासून वाटतं.

पण तुमच्या बोलण्यातली एक गोष्ट मी उचलतो. वैशालीताई, पाकिटावर ‘चीन मैत्री’ किंवा ‘भगिनी शहरं’ असं काही छापू नका. भगिनी शहर हा महापालिकेच्या ठरावाचा आणि केंद्राच्या परवानगीचा विषय असतो, शाळेनं तो शब्द वापरू नये. स्पेशल कव्हरला असला करार लागतही नाही. ‘डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, समाधी शिजियाझुआंग’ एवढं पुरे. यात खोटं काही नाही आणि कुणाला दुखवणारंही काही नाही.

चार हुतात्म्यांच्या कव्हरबद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूनं आहे. ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेनं इमारतीवर राष्ट्रध्वज लावला, मे महिन्यात इथं मार्शल लॉ आला, या गावच्या शिक्क्यात त्या तारखा असायलाच हव्यात. १२ जानेवारी ही तारीख सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर येते, गाव तेव्हा भरलेलं असतं. तुम्ही अर्ज लिहायला घ्या, मजकूर आपण मिळून करू. एक कव्हर झालं म्हणून दुसरं अडत नाही.

यार्नवाले, पत्त्याचं नेमकं सांगितलंत, आभार. चादरीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. चादर, सिद्धेश्वराचं तळं, भुईकोट किल्ला, चीनची भिंत, ड्रॅगन असं सगळं एका पाकिटावर आलं की कोटणीस कोपऱ्यात जातात. अशी गर्दीची कव्हरं फार निघतात आणि वर्षभरात कुणाला आठवत नाहीत. चादरीला तिचं स्वतंत्र कव्हर मिळावं, तिची तेवढी योग्यता आहे. इथं डावीकडं फक्त भैय्या चौकातलं घर असावं, शाईच्या रेघांत काढलेलं. शिक्क्यात स्टेथोस्कोप, गावाचं नाव, तारीख, बस. शिक्का लहान असतो, त्यात चेहरा घालायचा हट्ट धरू नका. शाई पसरली की डॉक्टर ओळखू येत नाहीत.

वैशाली_टीचर (सोलापूर)

काका, किती सविस्तर लिहिलंत. आज वर्गात वाचून दाखवलं. आठ फेन आणि सत्तर फेनचं ऐकून मुलं एकदम गप्प झाली, मग एकानं विचारलं, आपलं पत्र कुठल्या तिकिटात जाईल?

विक्रेत्याला ‘पाकिटं नकोत’ म्हणून सांगितलं. पाकिटाची मागची बाजू कोरीच निघाली. आणि भिंगातून बघितल्यावर तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही म्हणालात तशी काळी कमान होती.

अक्षयजी, तुमच्या भावाला आमच्या वर्गाकडून नमस्कार सांगा. हुतात्म्यांच्या कव्हरसाठी मुलं चित्रं काढतील, नक्की सांगा.

अजून विचारायचं होतं. १) मुख्याध्यापक म्हणाले, माय स्टॅम्पवर मुलांचा गट-फोटो घेऊ. घ्यावा का? २) मॅक्सिमम कार्ड म्हणून काही असतं ते काय? ३) परत आलेली किंवा ठेवायची पाकिटं लॅमिनेट करून वर्गात लावली तर चालेल ना? ४) पत्र नेमकं कुणाला पाठवायचं? आमच्या ओळखीचं तिकडं कुणीच नाही.

पुणेकर_एफडीसी

लॅमिनेट मात्र करू नका ताई! उष्णतेनं डिंक वितळतो, शाई बदलते आणि ते परत कधीच काढता येत नाही. सोलापूरचा उन्हाळा तसाही ४४ अंशांपर्यंत जातो, त्यात बंद प्लॅस्टिक भिंतीवर म्हणजे तिकिटाचं वाटोळं. स्वस्त मऊ पीव्हीसीची पाकिटंही टाळा, ती काही वर्षांत चिकट होतात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिस्टरची स्वच्छ पाकिटं मिळतात, ती घ्या. तिकिटाला बोटं न लावता चिमटा वापरायला मुलांना आतापासून सवय लावा. भिंतीवर लावायला रंगीत झेरॉक्स पुरेशी आहे.

सॉर्टर_काका (सोलापूर, निवृत्त आरएमएस)

लॅमिनेशनबद्दल पुणेकरांशी सहमत.

माय स्टॅम्पवर मुलांचा फोटो घेऊ नका असं मी म्हणेन. एक तर मुलांचे चेहरे परक्या देशात, कुणाच्या हातात जातील ते आपल्याला कळणार नाही. दुसरं, खर्च वाढतो आणि पाकिटाचा विषय कोटणीसांवरून आपल्या वर्गावर येतो. त्याच कारणानं पाकिटावर आणि पत्रात घरचे पत्ते नकोत. मुलाचं नुसतं नाव आणि शाळेचा पत्ता, एवढंच.

मॅक्सिमम कार्ड म्हणजे चित्र असलेलं पोस्टकार्ड घ्यायचं, त्याच्या चित्राच्या बाजूलाच त्याच विषयाचं तिकीट लावायचं आणि त्या विषयाशी नातं असलेल्या ठिकाणचा शिक्का घ्यायचा. चित्र, तिकीट, शिक्का तिन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलले पाहिजेत. कोटणीसांचं छायाचित्र असलेलं कार्ड, १९९३चं तिकीट आणि सोलापूरचा १० ऑक्टोबरचा शिक्का, याहून चांगलं मॅक्सिमम कार्ड या विषयावर भारतात दुसरीकडं कुठं होणार? चार-पाच कार्डं करा. एक स्मारकाला द्या, त्यांनी काचेत लावावं, पण ऊन येतं त्या भिंतीवर नको.

पत्र कुणाला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ओळख नसताना नुसतं ‘शिजियाझुआंगमधली एक शाळा’ असं लिहून पत्र जात नाही. बेथ्यून यांच्या नावाचं रुग्णालय त्या शहरात आजही आहे आणि हुतात्मा स्मशानभूमीचं कार्यालयही आहे. या दोन पत्त्यांवर आधी शाळेच्या लेटरहेडवर एक-एक पत्र पाठवा, मुख्याध्यापकांच्या सहीनं, इंग्रजी आणि चिनी दोन्ही मजकूर घालून: आमच्या गावात डॉक्टरांचा जन्म झाला, आमची मुलं तुमच्या भागातल्या एखाद्या शाळेला पत्रं लिहू इच्छितात, शाळा सुचवाल का. मुंबईत चीनचा वाणिज्य दूतावास आहे, त्यांनाही प्रत द्या. शाळेच्या वरिष्ठांना आधी लेखी कळवा, परदेशाचा विषय आहे, नंतर बाईंना त्रास नको. १० ऑक्टोबरपर्यंत उत्तर आलं नाही तर मुलांची पत्रं स्मशानभूमीच्या कार्यालयाच्या पत्त्यावर, डॉक्टरांच्या समाधीसाठी म्हणून पाठवा. तिथं सहलीला येणाऱ्या मुलांना कुणीतरी ती दाखवील असं मी धरून चालतो.

चीनला सध्या कोणत्या सेवेनं आणि किती दरानं टपाल जातं ते त्या आठवड्यात काउंटरवर वजन करून विचारा, दर बदलत असतात. एका मुलाचं पाकीट आधी तोलून बघा, बाकीची त्याच वजनाची करा.

आणि प्रत्येक मुलाला दोन पाकिटं करायला सांगा. एक शिजियाझुआंगचं, दुसरं स्वतःच्या नावानं शाळेच्या पत्त्यावर. दोन्हींवर कोटणीसांचं तिकीट, दोन्हींवर त्याच दिवसाचा शिक्का. देशातल्या साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांची तिकिटं लागतात, म्हणजे खर्च फार नाही. पहिलं पाकीट गेलं की ते परत दिसेलच असं नाही. दुसरं दोन-तीन दिवसांत पोस्टमन वर्गात आणून देईल.

१९९३ची तिकिटं माझ्याकडं काही जास्तीची आहेत, न वापरलेली. वर्गात मुलं किती ते कळवा, कमी पडली तर पुण्याहून मागवू. अर्जाचा कच्चा मसुदा तयार झाला की इथंच टाका. शिक्क्याचं चित्र काढणाऱ्या मुलाला सांगा, रेघा जाड ठेव, बारीक रेघा शिक्क्यात उठत नाहीत.